खाऱ्या हवेत ४८ व्होल्ट : किनारपट्टीवरच्या दूरसंचार केबिनमधल्या रेक्टिफायरची विद्युत-सुरक्षा कशी तपासावी

मृगाचा पाऊस सुरू झाला की बरणीतलं मीठ पाझरायला लागतं, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्राजवळच्या केबिनमध्ये रेक्टिफायरच्या (२३० व्होल्ट एसीचं ४८ व्होल्ट डीसी करून देणाऱ्या उपकरणाच्या) सर्किट बोर्डावर बसलेला खारही नेमकं हेच करतो. मार्चमध्ये जो कोरडा, पांढरट, निरुपद्रवी थर असतो, तोच जूनमध्ये वीज वाहून नेऊ लागतो.

या लेखातली प्रत्येक पायरी या एका गोष्टीशी बांधलेली आहे. पॉवर कन्व्हर्टरला मिळालेलं सुरक्षा प्रमाणपत्र खरं असतं, पण ते ठरावीक परिस्थितीत खरं असतं. ती परिस्थिती केबिनमध्ये टिकवून ठेवणं हे उपकरण चालवणाऱ्याचं काम आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मोबाइल टॉवर, फायबर इंटरनेटचं नियंत्रण केंद्र किंवा वाय-फायचे खांब सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांसाठी हे लिहिलं आहे. २३० व्होल्टच्या बाजूचं काम परवानाधारक वायरमननेच करायचं आहे.

मानक काय म्हणतं

माहिती-तंत्रज्ञान आणि दूरसंचार उपकरणांच्या सुरक्षेसाठी बरीच वर्षं आयईसीचं (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाचं) ६०९५०-१ हे मानक होतं. भारतात त्याचंच रूप म्हणजे आयएस १३२५२ (भाग १). आजही बहुतेक ॲडॉप्टर आणि पॉवर सप्लायवर हाच क्रमांक छापलेला दिसतो. त्याची जागा घेणारं आयईसी ६२३६८-१ पहिल्यांदा २०१० मध्ये आलं. युरोप आणि अमेरिकेत २० डिसेंबर २०२० पासून जुन्याच्या जागी तेच धरलं जातं. भारतीय मानक ब्युरोनेही ते आयएस/आयईसी ६२३६८-१ म्हणून स्वीकारलं आहे.

नव्या मानकाची विचारपद्धत तंत्रज्ञाच्या उपयोगाची आहे. आधी विचारायचं, इथे इजा करू शकेल अशी ऊर्जा कुठे आहे. मग, तिच्या आणि माणसाच्या मध्ये काय उभं आहे. आणि शेवटी, समोरचा माणूस कोण आहे : सर्वसामान्य, सूचना दिलेला, की कुशल.

विजेच्या धक्क्याच्या दृष्टीने ऊर्जेचे तीन वर्ग आहेत. ईएस-१ म्हणजे डीसी ६० व्होल्टपर्यंत किंवा ५० हर्ट्झ एसी ३० व्होल्टपर्यंत. ईएस-२ म्हणजे डीसी १२० आणि एसी ५० व्होल्टपर्यंत. त्याच्या वरचं सगळं ईएस-३. आगीच्या दृष्टीने वेगळे वर्ग आहेत : १५ वॉटपर्यंत पीएस-१, १०० वॉटपर्यंत पीएस-२, त्याहून जास्त शक्ती देऊ शकणारं सर्किट पीएस-३.

आता आपला रेक्टिफायर यात कुठे बसतो ते पाहा. नावाला ४८ व्होल्टच्या, २४ सेलच्या शिसे-आम्ल बॅटरीला प्रत्येक सेलमागे २.२५ व्होल्ट फ्लोट (चार्ज टिकवून ठेवणारं व्होल्टेज) दिला तर ५४.० व्होल्ट होतात, २.३० दिला तर ५५.२. दोन्ही ६० च्या आत, म्हणजे धक्क्याच्या दृष्टीने ईएस-१. पण हा रेक्टिफायर १०० वॉटपेक्षा कितीतरी जास्त शक्ती देतो, त्यामुळे आगीच्या दृष्टीने तो थेट पीएस-३ मध्ये जातो. '४८ व्होल्टला काही होत नाही' हे वाक्य म्हणूनच निम्मंच खरं आहे.

एक बारकावा लिथियमचा. १६ सेलची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी प्रत्येक सेलला ३.६५ व्होल्टपर्यंत चार्ज केली तर ५८.४ व्होल्ट होतात. ६० च्या मर्यादेला १.६ व्होल्टच उरतात. शिवाय युरोपीय दूरसंचार मानक ईएन ३००१३२-२ नुसार उपकरणाच्या टोकाशी नेहमीची पट्टी ४०.५ ते ५७ व्होल्ट आहे, तीही ओलांडली जाते. जुन्या शिसे-आम्लच्या जागी लिथियम लावताना रेक्टिफायरचं सेटिंग तसंच ठेवणं ही घोडचूक. बॅटरी बनवणाऱ्याने दिलेला चार्ज व्होल्टेज आणि जोडलेल्या उपकरणाच्या लेबलवरची वरची मर्यादा, दोन्ही समोर ठेवूनच आकडा ठरवा.

अंतराचं गणित, आणि खार ते कसं बिघडवतो

रेक्टिफायर मोड्यूलच्या (रॅकमध्ये सरकवून बसवायच्या एकेका खोक्याच्या) पोटात एका बाजूला २३० व्होल्ट आणि त्यापुढे साधारण ४०० व्होल्टचा डीसी साठा असतो. दुसऱ्या बाजूला आपण हाताने हाताळतो ते ४८ व्होल्ट. मध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन, ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत पलीकडे नेणारा भाग) आणि बोर्डावर सोडलेली रिकामी पट्टी. या पट्टीची पृष्ठभागावरून मोजलेली लांबी म्हणजे क्रीपेज, हवेतून सरळ मोजलेलं अंतर म्हणजे क्लिअरन्स.

क्रीपेज किती हवं हे तीन गोष्टींवर ठरतं : व्होल्टेज, बोर्डाचा पदार्थ, आणि प्रदूषणाची पायरी. पायरी २ म्हणजे धूळ आहे, पण ती वीज वाहत नाही, फार तर कधीतरी तात्पुरतं दव धरतं. पायरी ३ म्हणजे धूळच वाहक आहे, किंवा दमट झाली की वाहक होते. नेहमीच्या फायबरग्लास बोर्डावर २५० व्होल्टसाठी साध्या इन्सुलेशनला पायरी २ मध्ये २.५ मि.मी. क्रीपेज लागतं, पायरी ३ मध्ये ४ मि.मी. माणूस आणि मेन्स (२३० व्होल्टची लाइन) यांच्यामधल्या दुहेरी किंवा प्रबलित इन्सुलेशनला याच्या दुप्पट, म्हणजे ५ आणि ८ मि.मी.

बाजारातली बहुतेक मोड्यूल पायरी २ धरून बनवलेली असतात. तुमची केबिन दाराच्या फटीतून खारा वारा आत घेत असेल, तर तुम्ही ५ मि.मी.च्या उपकरणाकडून ८ मि.मी.चं काम मागताय. प्रमाणपत्र खोटं नाही, ते वेगळ्या हवेचं आहे.

क्लिअरन्सच्या बाबतीत मात्र किनारपट्टी सुदैवी आहे. २००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर हवा विरळ होते म्हणून हवेतलं अंतर वाढवावं लागतं. आपल्याला ती काळजी नाही. आपला सगळा त्रास पृष्ठभागाचा आहे.

यावरून खरेदी करताना तीन प्रश्न विचारायचे. माहितीपत्रकात प्रदूषणाची पायरी २ लिहिली आहे की ३? बोर्डावर संरक्षक लेप दिलेला आहे का? आणि आर्द्रतेची चाचणी कोणती झाली आहे : साधी ४८ तासांची, की उष्णकटिबंधासाठीची १२० तासांची, ४० अंश तापमान आणि ९३ टक्के आर्द्रतेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चाचणी अहवालात असतं, जाहिरातीत नसतं. अहवाल मागून घ्या.

कॅबिनेटवर आयपी-५५ लिहिलं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तो आकडा धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्याबद्दल बोलतो, मिठाबद्दल काहीच बोलत नाही. मिठासाठी आयईसी ६००६८-२-५२ ही वेगळी चक्रीय चाचणी आहे. ती कॅबिनेटच्या रंगाची, बिजागऱ्यांची आणि पंख्याचीही झालेली असावी.

छोट्या ॲडॉप्टरची खात्री करणं सोपं आहे. लेबलवर मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस क्रमांक आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की उत्पादक आणि मॉडेल दिसतं. मॉडेल जुळलं पाहिजे, नुसता क्रमांक सापडणं पुरेसं नाही.

हात लावण्याआधी

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. कारण गणिताने सांगता येतं. १२ व्होल्टच्या ४ ब्लॉकचा आणि केबलचा मिळून अंतर्गत रोध १५ मिलिओहम धरला, तर बसबारवर (वीज वाटणाऱ्या जाड धातूच्या पट्टीवर) पाना पडल्यावर ५४ भागिले ०.०१५, म्हणजे ३६०० ॲम्पियर वाहू शकतात. तेवढ्याने पाना लाल होतो, अंगठी बोटातच तापते. आणि डीसीचा ठिणगी-झोत एसीसारखा प्रत्येक अर्ध्या फेरीला शून्यावर येऊन विझत नाही, अंतर वाढेपर्यंत जळतच राहतो.

म्हणून बॅटरीच्या कामाला फक्त इन्सुलेटेड पाने वापरा. डोळ्यांवर चष्मा हवा. आधी एसी इनपुट बंद करून कुलूप लावा आणि आपल्या नावाची चिठ्ठी अडकवा. डिझेल जनरेटर आपोआप सुरू होणारा असेल तर त्याचाही सिलेक्टर बंदवर टाका. हे विसरलं जातं, आणि मेन बंद करून दोन मिनिटांत लाइन परत जिवंत होते. मग बॅटरीचा फ्यूज काढा. मोड्यूल बाहेर काढलं तरी आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरला रिकामं व्हायला वेळ लागतो. लेबलवर दिलेली मिनिटं थांबा, आणि मोड्यूलचं झाकण जागेवर कधीच उघडू नका.

पहिली पायरी : संरक्षक जोडणी मोजा

सगळ्यात आधी अर्थिंग. रेक्टिफायरमधलं साधं इन्सुलेशन फुटलं तर माणसाला वाचवणारी दुसरी भिंत म्हणजे ही हिरवी-पिवळी तार. किनाऱ्यावर सगळ्यात आधी सडते तीही हीच.

कॅबिनेटच्या दारापासून, रॅकपासून आणि मोड्यूलच्या पिंजऱ्यापासून मुख्य अर्थ-पट्टीपर्यंतचा रोध मोजा. मानकाची मर्यादा ०.१ ओहम आहे. १६ ॲम्पियरपर्यंतच्या सर्किटला प्रयोगशाळेत दुप्पट करंट २ मिनिटं सोडून ती तपासतात. साध्या मल्टिमीटरने हे मोजू नका. तो काही मिलिॲम्पियरच सोडतो, आणि अर्ध्या तुटलेल्या, एकाच धाग्यावर लटकलेल्या तारेतूनही छान वाचन देतो. १० ॲम्पियर किंवा जास्त सोडणारा बाँड टेस्टर वापरा.

आकडा ०.१ च्या वर आला तर दोष बहुतेक वेळा तारेत नसतो, लगच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खाली असतो. रंगवलेल्या पत्र्यावर लग कसलेला असतो, किंवा तांबं आणि जस्ताचा थर दिलेलं लोखंड एकमेकांना भिडून हिरवी-पांढरी पूड झालेली असते. उपाय : रंग खरवडा, कथिल चढवलेला तांब्याचा लग आणि दातेरी वॉशर लावा, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने कसा, वरून गंजरोधक ग्रीस किंवा लेप द्या. कसल्यावर नट आणि पत्र्यावर मिळून एक रंगाची रेघ ओढा. पुढच्या भेटीत रेघ तुटलेली दिसली की नट ढिला झाल्याचं लांबूनच कळतं.

दुसरी पायरी : जांभ्यातलं अर्थिंग

इथे कोकणाची जमीन आपला हिशेब मांडते. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी धरून ठेवत नाही. कातळसड्यावर तर वर वीतभर माती आणि खाली अखंड दगड. ३ मीटर लांब आणि १७ मि.मी. जाडीचा एक रॉड १०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत साधारण ३५ ओहम देतो. रोधकता १००० असेल तर तोच रॉड ३५० ओहम देतो. असे तीन रॉड समांतर ठोकूनही शंभराच्या खाली येणं कठीण.

म्हणून सड्यावर खोल रॉडचा नाद सोडून केबिन आणि टॉवरभोवती जमिनीत पट्टीचं वेढं घाला आणि पायाच्या लोखंडी सळ्या त्याला जोडा. रॉड ठोकायचेच असतील तर दोन रॉडमधलं अंतर रॉडच्या लांबीच्या निदान दुप्पट ठेवा. मीठ-कोळशाचा खड्डा आपल्याकडे टिकत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत मीठ वाहून जातं आणि जाताना पट्टी खाऊन जातं. बेंटोनाइट ही चिकणमाती ओलावा धरून ठेवते, ती भरा. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत उलट परिस्थिती असते : रोध सहज कमी मिळतो, पण जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) पट्टी भराभर झिजते. तिथे तांब्याचा जाड थर असलेला रॉड वापरा, आणि तांबं आणि जीआय एकाच ओल्या खड्ड्यात जोडू नका.

मोजणी तीन खुंट्यांच्या पद्धतीने, मधली खुंटी एकूण अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर ठेवून करा. आणि मोजायचं मे महिन्यात. ऑगस्टमधला आकडा कागदावर छान दिसतो, पण अर्थिंगची परीक्षा वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा असते, आणि तेव्हा जमीन कोरडीठाक असते.

'उपकरणाचं अर्थिंग वेगळं, टॉवरचं वेगळं' ही समजूत अजून घट्ट आहे, आणि ती घातक आहे. टॉवरच्या १० ओहमच्या अर्थिंगमधून १०,००० ॲम्पियरची वीज गेली तर ते टोक तेवढ्या क्षणापुरतं १ लाख व्होल्टवर जातं. दुसरं अर्थिंग शून्यावर राहिलं तर हा सगळा फरक रेक्टिफायरच्या त्या ५ मि.मी.वर येऊन पडतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) के.२७ आणि के.५६ या शिफारशींचा गाभा हाच आहे : टॉवर, फीडर केबल, एसी, डीसी आणि कॅबिनेट सगळं एकाच पट्टीवर आणा, म्हणजे वर जाईल तेव्हा सगळं मिळून वर जाईल.

४८ व्होल्टचा धन ध्रुवही याच पट्टीला, फक्त एकाच ठिकाणी जोडायचा. दूरसंचारात धन जमिनीला जोडायची रीत जुनी आहे. ओलाव्यात धन बाजूचं तांबं झिजतं, ऋण बाजूचं टिकतं, म्हणून तारा जमिनीच्या मानाने ऋण ठेवल्या जातात. आपल्या हवेत ही रीत आजही कामाची आहे.

तिसरी पायरी : एसी इनपुट

कातळावर अर्थिंग १० ओहम जरी मिळालं, तरी फेज कॅबिनेटला टेकल्यावर २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ ॲम्पियर वाहतील. ३२ ॲम्पियरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद होणारा ब्रेकर) त्याला पडणारच नाही, आणि कॅबिनेट जिवंत राहील. इथे आरसीडीला (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचला) पर्याय नाही. ३०० मिलिॲम्पियरचा आरसीडी स्पर्शाचं व्होल्टेज ५० च्या आत ठेवायला १६६ ओहमपर्यंतचं अर्थिंगही चालवून घेतो. सड्यावरच्या केबिनसाठी हा दिलासा मोठा आहे.

मग ३० मिलिॲम्पियरचाच का नको? सॉकेटसाठी तोच हवा, जिथे हातातली उपकरणं लागतात. रेक्टिफायरच्या मुख्य लाइनला मात्र गळतीचा हिशेब करा. प्रत्येक मोड्यूलच्या फिल्टरमध्ये फेज आणि अर्थच्या मध्ये कपॅसिटर असतो. १० नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून ०.७२ मिलिॲम्पियर सतत वाहतात. ६ मोड्यूलचे ४.३ झाले. जुन्या मानकात ३.५ मिलिॲम्पियरच्या वर गेलं की इशाऱ्याचं लेबल आणि कायमची घट्ट जोडणी लागते. नव्यात अंगातून जाणाऱ्या एसी करंटसाठी ईएस-२ ची सीमा ५ मिलिॲम्पियरची आहे. म्हणजे अशा रॅकची अर्थची तार तुटली तर निरोगी रॅकसुद्धा झटका देतो. तीन पिनांच्या साध्या सॉकेटवर तो कधीच चालवू नका. वीज आली की सगळ्या मोड्यूलचे फिल्टर एकदम भरतात, त्या धक्क्याने ३० मिलिॲम्पियरचा आरसीडी उगाच पडतो, आणि कंटाळून कुणीतरी तो काढून टाकतो. त्यापेक्षा थोडा विलंब असलेला १०० किंवा ३०० चा लावा, आणि निदान 'टाइप ए' घ्या. रेक्टिफायरच्या दोष-करंटमध्ये डीसीचा अंश असतो, नुसत्या एसीसाठी बनलेला आरसीडी त्यात आंधळा होऊ शकतो.

गळती मोजायला मिलिॲम्पियर वाचणारा क्लॅम्प मीटर मुख्य अर्थ-तारेला लावा आणि आकडा वहीत लिहा. एका आकड्यातून फारसं कळत नाही, दर तीन महिन्यांच्या आकड्यांच्या रांगेतून कळतं. मार्चमध्ये ४ आणि जुलैमध्ये ९ आला, तर मधला फरक बहुधा खाराचा आहे.

लाटरोधक, म्हणजे एसपीडी. रेक्टिफायर साधारण २.५ किलोव्होल्टची क्षणिक लाट सोसेल असं धरून बनवलेला असतो. एसपीडीवर संरक्षण पातळी १.५ किलोव्होल्ट लिहिलेली असली, तरी त्याच्या तारांचं व्होल्टेज त्यात मिळवावं लागतं. १ मीटर तारेचा प्रेरण अंदाजे १ मायक्रोहेन्री. करंट मायक्रोसेकंदाला १ किलोॲम्पियर या वेगाने चढला तर त्या मीटरभर तारेवर १ किलोव्होल्ट पडतात. १.५ अधिक १ म्हणजे २.५. सगळी शिल्लक तारेनेच खाल्ली. फेजची आणि अर्थची तार मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, वेटोळं घालू नका, सरळ न्या.

एसपीडीचं सतत सोसायचं व्होल्टेज २७५ चं घेऊ नका. वाऱ्यात माडाची झावळ तारांवर पडून न्यूट्रल तुटला की एकेका फेजला २३० पेक्षा खूप जास्त व्होल्टेज येतं आणि २७५ चा एसपीडी तापून जळतो. ३२० किंवा ३८५ चा घ्या. खिडकी लाल झालेला एसपीडी म्हणजे रिकामी जागा. मेच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसानंतर, दोन्ही वेळा तपासा.

जनरेटर इकडून तिकडे नेता येणारा असेल तर त्याचा न्यूट्रल जमिनीला जोडला आहे का ते पाहा. न्यूट्रल तरंगता असेल तर पहिल्या दोषाला करंट परत जायला वाटच नसते, आणि आरसीडी गप्प राहतो.

चौथी पायरी : इन्सुलेशन

मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) ५०० व्होल्ट डीसीवर ठेवा. सगळी मोड्यूल बाहेर काढा आणि एसपीडी सोडवा, नाहीतर त्यातले व्हॅरिस्टर (लाट शोषणारे भाग) वाहू लागतात आणि चांगली वायरिंग खराब दिसते. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी १ मिनिट मोजा. किमान मर्यादा १ मेगाओहम. पण किनाऱ्यावर त्यावर समाधान मानू नये. कोरड्या दुपारी ५० च्या वर असणारी लाइन जुलैच्या पहाटे २ वर आली, तर मर्यादेत असूनही ती तुम्हाला ओलाव्याची वाट दाखवते आहे. ती वाट बहुतेक वेळा केबल ग्लँडची (केबल आत शिरते तिथल्या सीलची) किंवा टर्मिनल पट्टीची असते.

३००० व्होल्टची उच्च-दाब चाचणी कारखान्याची आहे. ती जागेवर करू नका, प्रत्येक वेळी इन्सुलेशन थोडं थकतं.

पाचवी पायरी : डीसी बाजू

बॅटरीचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूज आणि बॅटरीमधल्या केबलला कुणी वाली नसतो. ब्रेकर डीसीचाच हवा. एसीचा एमसीबी ४८ व्होल्टला 'चालतो', नेहमीच्या भारावर पडतोही, पण शॉर्टच्या करंटला त्याच्या आत झोत पेटून राहू शकतो. ध्रुवाच्या खुणा असलेला ब्रेकर उलटा जोडला तरी हेच होतं.

आगीचं सगळ्यात नेहमीचं कारण शॉर्ट नसून गंजलेला लग असतो. ५० ॲम्पियर वाहताना सांध्याचा रोध ५ मिलिओहम झाला तर त्या एका लगमध्ये १२.५ वॉट उष्णता होते. फ्यूजला यातलं काहीच कळत नाही, करंट तर ५० च आहे. भार असताना प्रत्येक सांध्यावरचा मिलिव्होल्ट मोजा, किंवा थर्मल कॅमेऱ्याने पाहा. सारख्या भाराचे दोन शेजारी लग ताडून पाहा. एकावर १० मिलिव्होल्ट आणि दुसऱ्यावर २५० असतील, तर दुसरा आजच कापून नवा क्रिंप करा.

तापमान-भरपाईचा सेन्सर बॅटरीला चिकटलेला आहे का ते पाहा. २४ सेलला दर अंशाला ७२ मिलिव्होल्ट, २७ अंश धरून. सेन्सर लोंबकळत वातानुकूलनाच्या झोतात असेल तर रेक्टिफायर गरम बॅटरीला जास्त व्होल्टेज देत राहतो, ती आणखी तापते. सीलबंद बॅटरीही जास्त चार्जला हायड्रोजन सोडते, म्हणून खोली हवाबंद करून खार रोखायचा विचार बॅटरीच्या खोलीत चालत नाही. बॅटरी आणि रेक्टिफायरचे कप्पे वेगळे ठेवा.

उणे ४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट काढताना होणारी एक चूक फार वेळा दिसते. बाजारातला स्वस्त स्टेप-डाउन कन्व्हर्टर इनपुट आणि आउटपुटचा ऋण ध्रुव एकच ठेवतो. आपल्याकडे धन जमिनीला आहे. त्या कन्व्हर्टरवरच्या राउटरचा ऋण ध्रुव त्याच्या धातूच्या खोक्याला जोडलेला असतो, खोकं रॅकला आणि रॅक अर्थला. म्हणजे उणे ४८ थेट अर्थला टेकला. फ्यूज असेल तर जातो, नसेल तर केबल जळते. इथे विलग ट्रान्सफॉर्मर असलेला कन्व्हर्टरच लागतो, आणि माहितीपत्रकात इनपुट-आउटपुट विलगतेचं व्होल्टेज लिहिलेलं असावं. ही विलगता नसली आणि आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर १२ व्होल्टच्या राउटरवर ५४ व्होल्ट जातात.

खांबावरच्या वाय-फायला इथरनेट केबलमधून वीज देताना मानक पीओई इंजेक्टर वापरा. त्यात १५०० व्होल्ट एसीची विलगता बंधनकारक आहे, आणि सगळ्यात मोठा प्रकारही ९० वॉटचा असल्यामुळे आगीच्या दृष्टीने तो पीएस-२ च्या आत राहतो. आंधळेपणाने व्होल्टेज सोडणाऱ्या बिननावाच्या इंजेक्टरला यातलं काहीच लागू नाही.

सफाई, आणि पूर किंवा वादळानंतर

सफाई मेमध्ये आणि दिवाळीच्या सुमारास. संपीडित हवेने खार उडत नाही, तो चिकटलेला असतो आणि उडालाच तर आणखी आत जातो. पिंजरा आणि बसबार वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत वीज लावू नका. मोड्यूलचा बोर्ड सेवा केंद्रातच साफ होऊ द्या. हवेच्या गाळण्या बदला, ग्लँडमधल्या रिकाम्या फटी बुजवा. त्या फटींतून पाली येतात, आणि उघड्या बसबारवर एक पाल पुरेशी असते. कॅबिनेटमध्ये छोटा हीटर असेल तर तो पावसाळ्यात चालू ठेवा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश जास्त राहिलं तरी दव धरत नाही, आणि प्रदूषणाची पायरी २ टिकवायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला लागून वर गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. अशा वेळी नेटवर्क लवकर सुरू करायची घाई समजण्यासारखी आहे, गावाचा संपर्कच त्यावर असतो. पण पाण्यात बुडालेलं रेक्टिफायर मोड्यूल उन्हात वाळवून परत लावू नका. गाळ ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत आणि ऑप्टोकपलरच्या खाली राहतो, तिथे कापड पोचत नाही, आणि ती नेमकी माणूस आणि २३० व्होल्टच्या मधली भिंत असते. बुडालेली मोड्यूल, एमसीबी, आरसीडी आणि एसपीडी बदलायचेच. केबल आणि बसबार गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेगर करून परत घेता येतात. बुडालेल्या बॅटरीजवळ जाण्याआधी खोली उघडून हवा खेळू द्या, बॅटरी पाण्यातही जिवंत असते. वीज परत लावताना एकेक मोड्यूल बसवा, प्रत्येकानंतर अर्थ-तारेची गळती वाचा, आणि वहीतल्या मेच्या आकड्याशी ताडून मगच पुढचं बसवा.